सोनाबाईंचा खण

दादाच्या घरी शिलाईचं मशीन कधी चालायचं आणि कधी नाही, हे कंपनीच्या शिफ्टवर ठरायचं. पहिली किंवा दुसरी पाळी असली की वहिनी दिवसाचे सहा-सात तास मशीनवर बसायची, आणि आकुर्डीच्या चाळीतल्या आमच्या त्या दोन खोल्यांत खडखडीशिवाय दुसरं काही ऐकू यायचं नाही. तिसरी पाळी लागली की दादा सकाळी येऊन झोपायचा. मग दिवसभर मशीनवर फुलाफुलांचं आच्छादन. त्या आठवड्यात मला जास्त भीती वाटायची. मशीन चालू असताना वहिनी ओरडायची. दादा झोपलेला असला की ओरडता यायचं नाही, म्हणून ती चिमटा काढायची. दंडाच्या आतल्या बाजूला, जिथं कुणाला दिसत नाही तिथं. मीही आवाज करायची नाही. दादाची झोप मोडू नये, एवढ्या एका गोष्टीवर आम्हा दोघींचं एकमत होतं.

मी परभणीकडची. दुष्काळाच्या साली सातवी अर्ध्यावर सुटली. आई खडी फोडायच्या कामावर जायला लागली आणि तिथून आली की तिचे हात ताट धरायच्या लायकीचे नसायचे. तेव्हा दादानं पत्र लिहिलं, कौसाला इकडं पाठव, दोन घास खाईल, घरात हिला मदत होईल. ते दोन घास मला मिळाले, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की मला उपाशी ठेवलं. उपाशी कधी ठेवलं नाही. रेशनचा लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, त्या वर्षी सगळ्यांच्याच ताटात होता. वहिनी त्याच्या भाकरी नाक मुरडत थापायची, पण माझ्या वाटच्या दोन मला मिळायच्या. मी एकदा आमच्याकडचं येसर, भाजलेल्या पिठाची झणझणीत आमटी, केलं, तर एक घास खाऊन ती म्हणाली, “हे तुमच्याकडं माणसं खातात का ढोरं?” दादा खाली मान घालून जेवत राहिला. त्यानं दोनदा वाढून घेतलं.

वहिनी खडकीची, लष्कराच्या छावणीजवळ वाढलेली. माझं बोलणं ऐकलं की तिला चेव यायचा. मी “काय करायल्या वहिनी” म्हटलं की ती शेजारणीला हाक मारून सांगायची, “ऐकलंत का, करायल्या म्हणे. आता जायली, मग खायली.” शेजारणी हसायच्या. मी पण हसायची. आज पासष्टी ओलांडली तरी अनोळखी माणसापुढं तोंड उघडायच्या आधी मी वाक्य मनात एकदा म्हणून बघते, ते तेव्हापासून.

आणि डोक्यावर एक गोष्ट टांगलेली होती. मानवतचा एक बिजवर होता. त्याची थोरली मुलगी माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आईनं शब्द दिला नव्हता, पण नाहीही म्हटलं नव्हतं; दिवाळीनंतर मला परत नेऊन बोहल्यावर उभं करायचं, असं ठरत आलं होतं. मी दादाला एकदा, तो दाढी करत असताना, विचारलं की मी इथंच राहिले तर. त्यानं आरशातूनच माझ्याकडं बघितलं. “तू कमवायला लागलीस तर आईला काहीतरी सांगता येईल, कौसे. नुसती ठेवून घेतली तर काय सांगू? आणि हिला काय सांगू?” त्या दिवसापासून मी दिवाळीचे दिवस मोजायला लागले.

कमवायचं म्हणजे शिवायचं, कारण त्या घरात दुसरं काही दिसत नव्हतं. चाळीतल्या बायका आणि निगडीला प्राधिकरणात नवीन बंगले होत होते तिथल्या दोन-तीन बायका वहिनीकडून पोलकी शिवून घ्यायच्या. माझ्याकडं हातानं करायचं सगळं होतं: हूक लावणं, काज करणं, खालची पट्टी दुमडून तुरपाई. काजाचे टाके एकमेकांना चिकटून आले नाहीत तर वहिनी लाकडी फूटपट्टीची कड बोटांच्या पेरांवर मारायची आणि ब्लेडनं सगळं उसवून परत द्यायची. परकराच्या सरळ टिपा तेवढ्या ती मला मशीनवर मारू द्यायची, कारण त्यात तिला कंटाळा यायचा. पण कापड कापायचं असलं की मला घरात थांबू द्यायची नाही. “जा, पाणी घेऊन ये,” म्हणायची. पाणी भरलेलं असायचं. मी भरलेली कळशी मोरीत रिकामी करून नळावर जायची. परत येईपर्यंत कात्री कपाटावर आणि कापडाचे तुकडे झालेले. पहिले काही महिने मला वाटलं, तिला माझी अडचण होते. मग एकदा नळावर शेजारच्या इंदूताईनं सांगितलं, “अगं वेडे, ती तुला कटिंग बघू देत नाही. हूक-काज कुणी पण करतं. कापता आलं की तू तिची गिऱ्हाईकं नेशील.” मी दादाला हे सांगितलं. तो म्हणाला, “तिची विद्या आहे. तिच्या बापानं पैसे भरून क्लास लावला होता तिला. मी काय बोलू?”

हे खरंच होतं. आणि तरी मला तिचा राग आला. मला राग फार क्वचित येतो; घाबरायला जास्त होतं. पण त्या दिवशी जो आला तो अजून पूर्ण गेलेला नाही, आणि ह्या वयात तो घालवायचा प्रयत्नही मी सोडून दिला आहे.

कापून उरलेल्या चिंध्या माझ्या ताब्यात असायच्या. त्या गोणीत भरायच्या आणि गोणी भरली की दादा कंपनीत द्यायचा. तिथं मशिनी पुसायला लागायच्या. एका दुपारी वहिनी हळदीकुंकवाला गेली होती. मी गोणीत चिंध्या कोंबत बसले होते, आणि हातात आलेल्या तुकड्याची कड मला कुठंतरी बघितल्यासारखी वाटली. अर्धचंद्रासारखी बाहेर आलेली. पोलक्याच्या मुंढ्याची कड ती, जिथं बाही बसते. पोलक्यात जिथं खड्डा, तिथं चिंधीला पोट. मी त्याच कापडाचे बाकीचे तुकडे शोधले आणि जुन्या वर्तमानपत्रावर मांडायला लागले. गळ्याचा तुकडा, खांद्याच्या उताराची निमुळती पट्टी, बगलेखालचा. हलवून हलवून कडा जुळवल्या, तेव्हा मधे कागद उघडा राहिला. तो उघडा कागद म्हणजे पोलक्याची अख्खी पुढची बाजू होती. वहिनी जे लपवायची त्याच्या भोवतीचं सगळं ती मला रोज गोणीत भरून देत होती.

मग मी चोर झाले. भाताच्या खळीनं चिंध्या कागदावर चिकटवायच्या, मधली जागा पेन्सिलीनं आखायची आणि तो कागद माझ्या पेटीच्या तळाशी. प्रत्येक आकाराचे तुकडे दोन-दोन निघायचे. मला वाटायचं, एक बिघडला तर दुसरा असावा. मी एक ठेवायची आणि दुसरा गोणीत टाकायची. वहिनी बाहेर गेली की मांजरपाटाच्या जुन्या पिशव्या उसवून त्यावर कागद ठेवायचा आणि कात्री लावायची. एक तुकडा कापायचा, मग परत कागद ठेवून दुसरा. हातानं कच्चे टाके घालून दोन पोलकी जमवली. ती कुणाच्याच मापाची नव्हती, पण पोलकीच होती. मांजरपाट दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं, हे तेव्हा मला महत्त्वाचं वाटलं नाही. इंदूताईनं एव्हाना सांगितलं होतं की चिखलीला एकानं कामगारांच्या डांगऱ्या शिवायचा कारखाना टाकलाय, बायकांनाही घेतो, पण कापता येणारी पाहिजे. दिवाळीला दीड महिना होता.

चिखलीच्या सोनाबाई आमच्या चाळीत भाजीची पाटी घेऊन यायच्या. नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू, आणि गवार घेताना एक शेंग जास्त घेतली तर हातावर फटका. वहिनी तेव्हा दोन दिवसांसाठी खडकीला आईकडं गेली होती, जाताना म्हणाली होती, “कात्रीला हात लावलास तर बोटं मोडून हातात देईन.” दुसऱ्या दिवशी सोनाबाईंनी पाटी उतरवली आणि कमरेच्या पिशवीतून एक हिरवा खण आणि मापाचं जुनं पोलकं काढलं.

“तुजी वैनी न्हाई व्हय?”

“माहेरी गेल्यात.”

“आता गं. नातीचं लगीन हाय रविवारी. लेकीनं खास पाठिवलाय हा खण.” त्यांनी मला खालीवर बघितलं. “तुला येतंय का? का नुस्ती हुकं लावतीस?”

मी म्हणाले, येतं. आजवर इतक्या पटकन मी कुणाला काही बोलले नसेन.

मापाचं पोलकं खणावर पसरलं, माझ्या कागदाशी ताडून पाहिलं, आणि दादा कामावर गेल्यावर दार लावून कापलं. जसं शिकले होते तसंच, एकेक तुकडा सुटा. पाठ चांगली झाली. बाह्या झाल्या. कड वेडीवाकडी गेली नाही. शेवटी पुढच्या दोन बाजू जुळवायला घेतल्या, तेव्हा त्या जुळेनात. खणाला एक सुलट बाजू असते, तिच्यावर बुट्ट्या उठून दिसतात. उलट बाजूला नुसते दोरे. मी दोन्ही तुकडे सुलट वर धरले तर दोन्ही मुंढे एकाच दिशेला. एक फिरवला तर आकार बरोबर आला, पण बुट्ट्या आत गेल्या आणि दोरे वर आले. दोन्ही उजवीकडचेच तुकडे होते. डावीकडचा मी कापलाच नव्हता. खण पोलक्यापुरताच असतो, त्यात दुसरा तुकडा निघायला जागा नाही. मी ते तुकडे किती वेळा फिरवले असतील. एखाद्या वेळी फिरवताना बरोबर होतील असं मला खरंच वाटत होतं.

वहिनी संध्याकाळी आली. मी काही लपवलं नाही. लपवायची अक्कलच उरली नव्हती. तिनं चप्पल काढली, तुकडे उचलले, उलटसुलट केले. मग विचारलं, “कापायला कुणी शिकवलं?” मी पेटीतून कागद काढून दिले. तिनं ते एकेक करून बघितले, चिकटवलेल्या चिंध्यांवरून बोट फिरवलं. तिच्या चेहऱ्याचं जे झालं होतं ते मी नंतर कधी पाहिलं नाही. माझ्यावर हात उगारतानाही तिच्या ओठांची कातडी कधी अशी पांढरी झाली नव्हती. मग ती मोरीत गेली आणि बंबाच्या जाळात ते सगळे कागद घातले. खळीमुळं ते लवकर पेटेनात, तर चिमट्यानं आत ढोसले.

“चोरटी,” ती म्हणाली. “आणि चोरी पण धड येईना. अगं गाढवे, कापडाची आधी दुहेरी घडी घालतात. सुलटीवर सुलटी. एका कापात दोन्ही बाजू निघतात, डावी पण, उजवी पण. काल आलेल्या पोरीला पण हे कळतं. तुला नाही. ह्या रविवारी दादा तुला गाडीत बसवून देईल. जा, आणि त्या म्हातारीला आपल्या तोंडानं सांगून ये. माझं नाव तिथं घेतलंस तर याद राख.”

तिनं मला शिकवलेली ही एकुलती एक गोष्ट. रागाच्या भरात तिच्या तोंडून निसटली, आणि तिला ते कळलंही नाही. मला कळलं. मी रडत होते, पण घडी मनात घालून बघत होते: सुलटीवर सुलटी. म्हणून तुकडे दोन-दोन निघायचे.

सकाळी मी चिखलीला चालत गेले. सोनाबाईंनी ओट्यावर तुकडे मांडून बघितले आणि कपाळावर हात मारून घेतला नाही, नुसतं म्हणाल्या, “मग आता मी काय उलटं आंग घिऊन जाऊ व्हय लग्नाला?” मी ओट्यावरचे तुकडे सरळ करत राहिले. “बोल की. तोंड शिवलंस का? त्ये तरी नीट शिवलंस?” मग माझ्या दंडाला धरून त्यांनी मला वाड्यामागच्या गोठ्यात नेलं. गुरं विकून त्यांनी गोठा भाड्यानं दिला होता. गव्हाणीच्या जागी चार मशिनी, आणि मधे लांब टेबलावर खाकी ड्रिल कापडाच्या थप्प्या. डांगऱ्यांचा कारखाना हाच, हे मला दारात गेल्यावर कळलं. मास्तर कोकणातले होते, कानाला पेन्सिल. “मास्तर, ह्ये निस्तरतंय का बघा.” मास्तरांनी तुकडे बघितले आणि मशीनवरच्या तिघांना दाखवले. एकजण म्हणाला, “दोन्ही हात उजवे असलेल्या बाईचं माप घेतलंय राव.” गोठाभर हसले. सोनाबाई नाही हसल्या.

“निस्तरायचा काय नाय,” मास्तर म्हणाले. “कापड नाय उरलेला.”

“मंग उलटं डाव्या अंगाला लाव,” सोनाबाई मला म्हणाल्या. “पदराखाली जाईल. हितंच बस, माज्यादेखत शिव. घरी न्हेऊन आनिक काय घोळ घालशील.”

मी त्या चौघांपुढं आणि सोनाबाईंपुढं बसून ते पोलकं शिवलं. कुणीतरी शेरे मारत होतं, ते ऐकू येऊनही मी टीप सोडली नाही. काज केले, हूक लावले. मास्तरांनी ते उजेडात धरलं, काजाला नख लावून पाहिलं आणि विचारलं, “कटिंग कोणी शिकवलान तुला?” वहिनीचं नाव घ्यायचं नव्हतं. मी म्हणाले, चिंध्यांवरून शिकले. त्यांना कळलं नाही, मग मी टेबलाखालच्या चिंध्या उचलून मांडून दाखवल्या. त्यांनी ड्रिलचा एक तुकडा माझ्याकडं फेकला. “डांगरीचे वरचे दोन खिसे काप. डावो आणि उजवो.” ड्रिलला सुलट-उलट असतं, सुलटीवर तिरक्या रेघा दिसतात. मी घडी घातली, सुलटीवर सुलटी, आणि एका कापात दोन्ही काढले.

“सोमवारी ये,” ते म्हणाले. “माझो कटिंगवालो पळून गेलोय म्हणून सांगतंय, तुझ्यावर दया म्हणून नाय. एक तागा बिघडवलास तर मंगळवारी येऊ नको.”

सोनाबाई ते पोलकं घालून लग्नात गेल्या. नंतर कितीतरी वर्षं चाळीत पाटी उतरवली की पदर बाजूला करून, वहिनीकडं बोट दाखवून बायकांना म्हणायच्या, “बघा, हिच्या नणंदेची करामत.” मी समोर असले तरी म्हणायच्या, आणि मी समोर असले तर जरा जोरानं.

घरी सांगितलं तेव्हा वहिनी म्हणाली, “आणि घरातलं कोण करणार? तुझा मास्तर?” दादानं बूट घालता घालता म्हटलं, “करील दोन्ही. पोरगी कामाला चिवट आहे.” माझ्या बाजूनं तो बोलला ते एवढंच, आणि त्यात मला पुढची दोन वर्षं दोन्हीकडं राबावं लागलं, पण गाडीत बसवायचं राहिलं. त्याच्या त्या एका वाक्यावर माझं सगळं आयुष्य उभं आहे, हे मी माझ्या मुलांना सांगते तेव्हा ते म्हणतात, मामानं केलं तरी काय? त्यांना काय सांगू. न बोलणारा माणूस एकदा बोलला.

आता आईला कळवायला हवं होतं की दिवाळीनंतर मी येत नाही. मी अंतर्देशीय पत्रावर लिहिलं: मला काम लागलं आहे, त्या माणसाला नाही म्हणून सांग. आणि भीतीपोटी, थोडी खुशामत म्हणून आणि थोडं खरंच वाटून, पुढं लिहिलं: वहिनीनं मला कटिंग शिकवलं, तिचे उपकार आहेत. घरातली पत्रं वहिनी वाचूनच टाकायची. तिनं ते वाचलं, दादाचं पेन मागून घेतलं आणि ती ओळ खोडली. नुसती खोडली नाही, खाली आपल्या अक्षरात लिहिलं: मी हिला काही शिकवलेलं नाही. हिनं माझं चोरलं आहे. मग चिकटवून स्वतः टपालपेटीत टाकून आली.

आईला वाचता येत नव्हतं. गावातल्या शाळेच्या गुरुजींनी तिला वाचून दाखवलं असणार, खोडलेलं आणि लिहिलेलं दोन्ही. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, गुरुजींच्या अक्षरात, पण बोलणं आईचं. दोनच ओळी होत्या. चोरलीस ती विद्या मोठी आहे, वहिनीच्या पायावर डोकं ठेव. आणि लेकरा, इकडं येऊ नको.

वहिनी मशीनवर होती. मी वाकले आणि तिच्या पायांना हात लावला. पाय पायडलवर चालू होते, ते थांबले नाहीत. माझा हात त्यांच्याबरोबर वर-खाली होत राहिला.

“बाजूला हो,” ती म्हणाली. “उजेड अडतोय.”